जुनी जीप घेताना रंग नव्हे, सांगाडा पाहावा

समजा, एकाच किमतीच्या दोन जुन्या जिप्सी विक्रीला आहेत. पहिलीला नुकताच गडद हिरवा रंग दिला आहे. रुंद नवे टायर, छतावर कॅरिअर, पुढे झगझगीत दिवे आणि आत नवी बैठक. ती आयुष्यभर किनारपट्टीवरील एका घराच्या अंगणात उभी राहिली. दुसरी फिकट पांढरी आहे. तिचे दरवाजे पोचलेले आहेत, बैठक फाटलेली आहे आणि हुडाला ठिगळे आहेत. ती घाटमाथ्याकडच्या एका बागायतदाराकडे होती. डोंगरवाटांवर फिरायचे आणि रानाकाठी तंबू ठोकायचा, या हेतूने गाडी शोधणारे दहापैकी आठ जण पहिलीकडे वळतील. त्यांची निवड चुकीची ठरण्याची शक्यता बरीच आहे. जुन्या गाडीत जे दिसते ते बहुधा बदलता येते, आणि जे बदलता येत नाही ते सहसा दिसत नाही.

पावसाळा ओसरून सत्तरी, सांगे, काणकोणकडच्या मातीच्या वाटा वाळू लागल्या की अशा गाड्यांची चर्चा सुरू होते. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेर असते, म्हणून जुनी पाहिली जाते. साध्या शहरी मोटारीतला दोष रस्त्यात गाडी बंद पडण्यापुरता त्रास देतो. तोच दोष उताराच्या निसरड्या वाटेवर, जिथे मोबाइलला रेंज नाही अशा ठिकाणी, जिवावर बेतू शकतो. यासाठीच ही खरेदी हौसेने झाली तरी तपासणी थंड डोक्याने व्हायला हवी.

कोणती गाडी, कशासाठी

आपल्याकडे या कामासाठी प्रामुख्याने तीन कुळांतील जुन्या गाड्या मिळतात. पहिले कूळ महिंद्राच्या जुन्या जीपचे. या कंपनीने १९४७ पासून विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच घडणीची अनेक रूपे काढली. यंत्ररचना साधी आणि गावातल्या मेस्त्रीलाही ठाऊक असलेली, हा त्यांचा गुण. वेग, आराम आणि ब्रेक बेताचे, ही मर्यादा. दुसरे कूळ मारुती जिप्सीचे. १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आलेल्या या गाडीला १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि २००० च्या सुमारास कार्बुरेटर जाऊन इंधन फवारणीची यंत्रणा आली. हलकेपणा हे तिचे मोठे बळ. चिखलात जड गाडी रुतते तिथे ती निसटून जाते. तिसरे कूळ २०१० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या थारचे. तिच्या सीआरडीई आवृत्तीत सुमारे अडीच लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. तीच थार दोन चाकांना शक्ती देणाऱ्या रूपातही विकली गेली. त्यामुळे बाहेरून थार दिसली म्हणजे चारही चाके ओढतात, असे गृहीत धरू नये.

खरेदीदाराने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: आपण नेमके कुठे जाणार? वर्षातून चार वेळा मातीच्या रस्त्याने फार्महाऊसपर्यंत जायचे असेल तर उंच तळाची, मागच्या चाकांवर चालणारी बोलेरोही पुरते. ओढे ओलांडायचे, खडकाळ चढ चढायचे असतील तरच चारचाकी ओढीचा खर्च आणि देखभाल सार्थकी लागते.

आधी कागद, मग बॉनेट

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजारांवर गेले. म्हणून नोंदणीची मुदत कधी संपते, हे किंमत ठरवण्यापूर्वी पाहावे. मुदत संपलेली गाडी 'नंतर करून घेऊ' म्हणत घेणे म्हणजे तपासणीत नापास होण्याची जोखीम स्वतःच्या पदरात घेणे.

नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवून पाहावेत. चासी क्रमांकाच्या आसपास वेल्डिंग, घासकाम किंवा केवळ तेवढ्याच भागावर ताजा रंग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. क्रमांक गंजाने पुसट झाला असेल तर हस्तांतरणाच्या वेळी पेन्सिलची छाप उमटत नाही आणि आरटीओमध्ये खेटे सुरू होतात.

परराज्यातील गाडी असेल तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हवे. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि कर्जाचा बोजा उतरवायचा असल्यास नमुना ३५ लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल व पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या अनेक गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीत काही गैर असतेच असे नाही. परंतु स्वस्त किमतीत इथला रस्ता कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च मिळवल्याशिवाय ती खरोखर स्वस्त आहे का, ते कळत नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपबाबत लिलावाची मूळ कागदपत्रे आणि नागरी नोंदणी या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

आणखी एक बाब फेरफारांची. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ घडणीत मनमानी बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई अधोरेखित केली. बदललेले इंजिन, कापलेले छत, बंपरपुढचा लोखंडी गार्ड हे सारे विक्रेता 'जादा किमतीचे सामान' म्हणून दाखवतो. तपासणीच्या दिवशी तेच सामान उतरवावे लागते.

गंज : किनारपट्टीचा खरा शत्रू

या सगळ्या गाड्यांची घडण शिडीसारख्या चासीवर असते. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे पट्टे आणि त्यांवर रबरी गाद्या ठेवून बसवलेली बॉडी. इंजिन, पाटे, स्टिअरिंग या सर्वांचा भार शेवटी या चासीवर येतो. म्हणून इंजिन थकले तर दुरुस्त होते, बॉडीचा पत्रा बदलतो; पण चासी आतून खाल्ली गेली तर गाडी संपली, असे समजावे.

समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पोलाद वेगाने गंजते. त्यातही पोकळ तुळयांच्या आत साचलेली ओली माती अधिक घातक. वाटेवरचा लाल चिखल आत शिरतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून पोखरत जातो. बाहेरून काळा रंग ताजा दिसतो, आत पापुद्रे सुटत असतात.

हे ओळखण्यासाठी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवावी. छोटी हातोडी घेऊन चासीवर हलके ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि कधी कधी हातोडी आतच जाते. पाटे जिथे चासीला टांगलेले असतात ती जागा, मागचा आडवा पट्टा, बॉडीच्या गाद्यांखालचे कंस आणि स्टिअरिंग बॉक्स बसवलेला भाग यांकडे विशेष लक्ष द्यावे. खडबडीत वाटेवर तडे याच ठिकाणी जातात. वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर ते का लावले, हे विचारावे. खालून नुकताच जाड डांबरी लेप दिला असेल तर तो गंज रोखण्यासाठी आहे की झाकण्यासाठी, हा प्रश्न रास्त ठरतो.

बॉडीसाठी खिशात एक साधे लोहचुंबक ठेवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. पायाखालचे रबरी मॅट उचलून तळ पाहावा. दोन्ही बाजूंच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर टेपने मोजावे. ते सारखे नसेल तर गाडीने मोठा अपघात पाहिला आहे किंवा धुरा सरकला आहे.

इंजिन थंड असतानाच भेटावे

विक्रेत्याकडे पोहोचताच पहिले काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणे. ते गरम असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिनाचे दोष त्यामुळे लपले आहेत. इंजिन निवल्यानंतर पुन्हा येण्यात कमीपणा नाही.

थंड इंजिन सुरू करताना मागे एकाने उभे राहावे. क्षणभर निघालेली पांढरी वाफ काळजीची नाही. सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जात आहे. डिझेल गाडीत जोराने रेस केल्यावर काळा धूर येत राहिला तर इंजेक्टर, पंप किंवा टर्बोकडे पाहावे लागते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. शंका असेल तर काही शे रुपयांत होणारी कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. सर्व सिलिंडरचा दाब जवळपास सारखा असायला हवा.

खाणपट्ट्यात किंवा धुळीच्या कामावर राबलेल्या गाडीत एअर फिल्टरची पेटी उघडून पाहावी. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडील नळीत लाल धूळ असेल तर ती धूळ सिलिंडरमध्येही गेली आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत आता आणखी एक गोष्ट आहे. पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. कार्बुरेटरच्या काळातील रबरी नळ्या आणि गॅस्केटे त्यासाठी बनलेली नव्हती. त्या फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या असतील तर बदलणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण गळते पेट्रोल तप्त इंजिनावर पडते.

चारही चाके खरोखर ओढतात का

जिप्सी, जुनी जीप आणि जुनी थार यांत चारचाकी ओढ गरजेपुरती जोडायची असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारी यंत्रणा या गाड्यांत पुढच्या व मागच्या धुऱ्यांमध्ये नसते. मातीत चाके किंचित घसरून तो ताण सोडवतात. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही आणि गिअर, शाफ्ट व क्रॉस यांवर येतो. म्हणून ही चाचणी डांबरावर घेऊ नये. शेतातली सैल माती किंवा वाळूचा ढीग पाहावा.

तिथे आधी उच्च श्रेणीत चारचाकी ओढ जोडून सरळ चालवावे, मग गाडी थांबवून निम्न श्रेणी टाकावी. लिव्हर अडकणे, गिअर निसटून येणे, करकर आवाज होणे ही ट्रान्सफर केस झिजल्याची लक्षणे आहेत. निम्न श्रेणीचा उपयोग चढापेक्षा उतारावर अधिक असतो. तीव्र उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकवर विसंबावे लागत नाही. उतारावर निम्न श्रेणी सुटून येत असेल तर ती गाडी घाटवाटेसाठी धोकादायक आहे. काही गाड्यांत पुढच्या चाकांचे हब हाताने जोडायचे असतात. वर्षानुवर्षे न वापरल्याने ते जाम होतात. लिव्हर पडला, दिवा लागला, पण पुढची चाके फिरलीच नाहीत, असे त्यामुळे घडते.

दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते गढूळ पांढरट असेल तर गाडी खोल पाण्यात गेली आहे आणि नंतर ऑइल बदललेले नाही. ऑइलमध्ये चकाकणारे धातूचे कण असतील तर दात झिजत आहेत.

पुढच्या धुऱ्याशी चाक जिथे वळते, तिथला सांधा जिप्सीत बंद गोळ्याच्या आकाराचा असतो. त्याच्या सीलमधून ग्रीस व ऑइल झिरपत असेल तर खर्च ठरलेला. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर किंगपिन किंवा बेअरिंग सैल आहे. हाच सैलपणा आणि त्यावर मोठे टायर, यांतून वेगात गेल्यावर स्टिअरिंग अनावरपणे थरथरू लागते. चालकाच्या हातून गाडी सुटण्याची ती सुरुवात असते.

टायर, पाटे आणि ब्रेक

टायरची जाडी पाहून समाधान मानू नये. बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातील टायर. जुना टायर खोल नक्षीचा असला तरी रबर कडक होते, बाजूंना भेगा पडतात आणि दगडाच्या कडेने तो फाटतो. कंपनीच्या मापापेक्षा बरेच मोठे टायर गाडी रुबाबदार करतात. पण क्लच, बेअरिंग आणि ब्रेक यांवरचा भार वाढवतात, शिवाय वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

पाट्यांमध्ये तुटलेले पान, सपाट झालेली कमान आणि झिजलेल्या बुशिंगा पाहाव्यात. ब्रेक दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. हँडब्रेकची परीक्षा चढावर घ्यावी. मागचे ड्रम ब्रेक पाण्यातून आल्यावर काही काळ पकडत नाहीत. ओढा ओलांडल्यानंतर हलका ब्रेक दाबत थोडे अंतर जाणे, ही सवय गाडी कितीही चांगली असली तरी हवी.

चालवून पाहताना ओल्या जमिनीवरून सरळ जाऊन मागे वळून चाकांच्या खुणा पाहाव्यात. मागच्या खुणा पुढच्यांच्या एका बाजूला सतत सरकलेल्या दिसल्या तर चासी वाकलेली आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे.

तंबूचे ओझे

मुक्कामी प्रवासासाठी गाडी घेताना वजनाचा हिशेब विसरला जातो. चार माणसे म्हणजे सुमारे २८० किलो. दोन दिवसांचे ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. छतावरचा घडीचा तंबू ५०-६० किलो. त्यात शेगडी, भांडी, अंथरुणे, सुटे टायर आणि अवजारे धरली की चारशे किलोचा आकडा सहज ओलांडतो. जिप्सीसारख्या हलक्या, अरुंद गाडीवर हे ओझे छतावर चढले तर गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरप्या वाटेवर ती कलंडू शकते. जड सामान तळाशी, दोन धुऱ्यांच्या मध्ये. छतावर फक्त हलके, हा साधा नियम आहे. जिप्सीची इंधन टाकी ४० लिटरची असते. निम्न श्रेणीत तासन्‌तास चालल्यावर ती अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी होते.

इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे आणि बंद तंबूत शेगडी पेटवणे या दोन्ही गोष्टींनी कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्याला कळतही नाही. जुन्या गाडीत गंजलेला सायलेन्सर आणि तळातील भोके यांमुळे हा धोका वाढतो. म्हणजे सायलेन्सरची तपासणी ही आवाजापुरती बाब नाही.

जायचे कुठे

गाडी सक्षम आहे म्हणून कुठेही जाता येते असे नाही. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गाडी घालणे राज्यात बेकायदा आहे. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत परवानगीविना प्रवेश आणि मुक्काम वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. दूधसागरची प्रसिद्ध जीपवाटही कुळेच्या परवानाधारक स्थानिक जीपसाठीच आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती, गावाच्या वाटेवर पंचायतीला कल्पना आणि ओल्या दिवसांत मऊ वाटांना विश्रांती, एवढे पथ्य पाळले तर गावकऱ्यांशी भांडण होत नाही. पावसात चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या वर्षी ओहोळ होतात आणि त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन फुटतात.

शेवटी हिशेब

जाणत्या मेस्त्रीला सोबत न्यावे आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. ते सौद्यातील सर्वांत कमी खर्चाचे पैसे असतात. गाडीसाठी ठरवलेल्या रकमेपैकी किमान चौथा हिस्सा हातात ठेवावा. जुनी गाडी कितीही चांगली असली तरी सर्व ऑइले, पट्टे, रबरी नळ्या, बॅटरी, ब्रेक आणि टायर यांवर पहिल्या काही महिन्यांत खर्च होतोच. व्यवहार झाल्यावर हस्तांतरण आणि विम्याची नावबदली लगेच करावी. विक्रेत्याच्याही हिताचे ते आहे, कारण नोंदीत नाव असेपर्यंत अपघाताची जबाबदारी त्याच्या दारात येते.

आता पुन्हा त्या दोन जिप्सींकडे पाहावे. हिरवीखाली हातोडी वाजवली आणि मागच्या पट्ट्यातून गंजाचे पापुद्रे गळले, तर तिचे नवे टायर आणि दिवे हे एका मोडक्या सांगाड्यावरचे दागिने ठरतात. पांढरीची चासी खणखणीत वाजली, निम्न श्रेणी उतारावर टिकली आणि ऑइल स्वच्छ निघाले, तर तिचे पोचे, फाटकी बैठक आणि ठिगळांचा हूड हे काही हजारांचे आणि चार रविवारांचे काम आहे. अर्थात उलटही निघू शकते. किनाऱ्यावरची गाडी शेडखाली, दर पावसाळ्यानंतर धुऊन-पुसून ठेवलेली असू शकते आणि घाटमाथ्याची ओढ्यात बुडून आलेली. म्हणूनच गाडीचा गाव आणि रंग यांवर निकाल देऊ नये. रॅम्प, हातोडी, चुंबक आणि अर्ध्या दिवसाचा धीर एवढे साहित्य पुरते. त्यानंतरही मनात शंका उरली तर गाडी सोडून द्यावी. जुन्या गाड्या पुन्हा विक्रीला येतात. उतारावर सुटलेला ब्रेक दुसरी संधी देत नाही.